चौदाव्या दिवसापासूनचे जेवण

घरात मृत्यू झाला की पेण-रोह्याकडे पहिले काही दिवस त्या घराला जेवणाची काळजी करावी लागत नाही. पहिल्या रात्री शेजारून पिठलं-भात येतो. मग भावकी, सोयरे, आळीतली मंडळी आपापल्या परीने डबे पोहोचवतात. 'दोन घास खाऊन घ्या' म्हणत कुणीतरी ताटावर बसवतेच. तेराव्याला गोड जेवण होते, भाड्याने आणलेली भांडी परत जातात आणि चौदाव्या दिवशी मुलगा पनवेलला, मुलगी पुण्याला निघून जाते. त्या दुपारी साडेबारा वाजता स्वयंपाकघरात एकच माणूस असतो. भूक नसते. 'लागली की खाऊ' असे म्हणून तो चहा टाकतो.

पुढचे सहा महिने तब्येत कशी राहणार, हे पुष्कळदा या एका वाक्यावर ठरते. कारण एकट्या पडलेल्या, वयस्कर आणि दुःखात असलेल्या माणसाला भूक आपोआप लागेलच याची खात्री नसते.

पेणमधल्या कुठल्याही आळीत दिसेल असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. सत्तरीच्या आजी. चाळीस वर्षे त्यांनी नवऱ्याच्या वेळेवर स्वयंपाक केला. त्यांना आठला न्याहारी लागायची, एकला जेवण, रात्री आठला गरम भाकरी. आजी स्वतः नंतर, उरलेसुरले पाहून बसायच्या. आता 'एकटीसाठी काय रांधायचे?' म्हणून सकाळी भाताचा एक डाव लागतो आणि तोच रात्रीपर्यंत चालतो. सोबत लोणच्याची फोड, नाहीतर भाजलेला पापड. हात तरबेज आहेत, घरात तांदूळ, डाळ, वाल सगळे आहे. रांधण्याचे कारण तेवढे गेले आहे.

रोह्यातले घर याच्या उलट. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा. नोकरीत असताना पाळीप्रमाणे जेवण, निवृत्तीनंतर बायकोच्या हाकेप्रमाणे. कुकरला पाणी किती घालायचे, डाळीचा डबा कोणता, हे कधी विचारायची वेळच आली नाही. आता सकाळी पाव-चहा, दुपारी टपरीवरचा वडापाव आणि रात्री दूध-बिस्किटे. काहींच्या बाबतीत संध्याकाळचा पेलाही वाढतो.

दोघांनाही रात्री फोन येतो. "जेवलीस का गं आई?" "हो रे, जेवले." "अण्णा, जेवलात ना?" "झालं की मघाशीच." दोघेही खोटे बोलत नाहीत. काहीतरी पोटात गेलेले असते.

भूक कुठे जाते?

जोडीदाराच्या मृत्यूनंतरचा काळ शरीरालाही जड जातो, हे वैद्यकशास्त्राला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. १९६९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा नऊ वर्षे मागोवा घेतला गेला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच २१३ जण दगावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते. त्यातले बरेच मृत्यू हृदयविकाराचे होते. कारणे अनेक असतात, सगळा दोष आहाराला देता येत नाही. पण हा काळ सांभाळायचा असतो हे त्यातून स्पष्ट होते.

आहाराकडे थेट पाहणारा अभ्यास १९९३ मध्ये अमेरिकेत रोझेनब्लूम आणि व्हिटिंग्टन या संशोधकांनी केला. नुकतेच जोडीदार गमावलेले ५० ज्येष्ठ आणि ५० विवाहित ज्येष्ठ यांची त्यांनी तुलना केली. एकट्या पडलेल्यांची भूक कमी झालेली होती, जेवणातला आनंद गेलेला होता आणि वजनही घटलेले होते. जेवण हे त्यांच्यासाठी दोघांचे काम होते. दुसरा माणूस गेल्यावर ते ओझे वाटू लागले.

यामागची शरीरातली यंत्रणा समजून घेतली तर पुढचा उपाय पटतो. रिकाम्या जठरातून 'घ्रेलिन' नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि मेंदूला भुकेची खबर देते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधले. या संप्रेरकाची पातळी नेहमीच्या जेवणवेळेच्या आधी चढते आणि जेवणानंतर उतरते. रोज साडेबाराला जेवणाऱ्याला बाराच्या सुमारास पोटात कावळे ओरडू लागतात ते यामुळे. म्हणजे भूक बऱ्याच अंशी वेळेने शिकवलेली असते. जेवणाची वेळ कधी अकरा, कधी तीन, कधी नाहीच अशी झाली की शरीराला मिळणारी ही सूचनाही विस्कळीत होते.

त्यात वयाची भर पडते. साठीनंतर वास आणि चव कमी कळते, पोट सावकाश रिकामे होते, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटते, तहानही कमी जाणवते. दुःखामुळे झोप मोडते आणि ताणाची संप्रेरके वाढतात. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांवरच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते किंवा अन्नावरची इच्छा जाते. अशा माणसाने भुकेची वाट पाहत बसणे म्हणजे न येणाऱ्या गाडीसाठी फलाटावर बसण्यासारखे आहे.

चहा-बिस्किटांवर काढलेले दिवस

चहा, बिस्किटे, टोस्ट, खारी यांवर दिवस काढणारे ज्येष्ठ जगभरच्या डॉक्टरांच्या परिचयाचे आहेत. पोट भरल्यासारखे वाटते, पण प्रथिने जवळजवळ मिळत नाहीत. प्रथिने कमी पडली की शरीर स्वतःच्या स्नायूंतून ती काढून घेते. आधी मांड्या आणि दंड बारीक होतात, मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, मग मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळतो. खुब्याचे हाड मोडले की एकट्या राहणाऱ्या माणसाचे स्वावलंबन तिथेच थांबू शकते.

दुसरा धोका रक्तातल्या सोडियमचा. जेवण अगदी कमी, चहा-पाणी भरपूर आणि त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, असे जुळून आले तर सोडियम घसरू शकते. माणूस मलूल होतो, बोलण्यात असंबद्धपणा येतो, तोल जातो. घरच्यांना वाटते, दुःखाने असे झाले आहे. रक्ताच्या एका साध्या तपासणीत खरे कारण कळते आणि त्यावर उपचारही होतात.

तिसरा आणि सर्वांत तातडीचा धोका मधुमेहींना. गोळी किंवा इन्सुलिन ठरल्या वेळी घेतले, पण जेवण राहिले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या बाबतीत ही भीती अधिक. घाम फुटणे, हात थरथरणे, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी आणि मग काहीतरी खावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. रात्री एकट्याच्या घरात हा प्रसंग आला तर हाक मारायलाही कुणी नसते. म्हणून जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातच मधुमेहीने डॉक्टरांना आपले बदललेले खाणे सांगून औषधाची मात्रा तपासून घ्यावी. मनाने गोळी बंद करणे किंवा जेवणाशिवाय घेणे, दोन्ही चूक.

आधी वेळ, मग पदार्थ

'काय खावे' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न 'किती वाजता'. सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेचार आणि रात्री साडेसात, अशा चार वेळा ठरवून टाकाव्यात. वेळ झाली की भूक असो वा नसो, ताट घ्यावे आणि बसावे. सुरुवातीला चार घासच जातील. तरी चालेल. दोन-तीन आठवडे वेळ पाळली की त्या सुमारास भूक लागण्याची सवय परत येऊ लागते. झोपेची आणि पोट साफ होण्याची घडीही यामुळे बसायला मदत होते.

आजवर जेवणाची वेळ दुसऱ्या माणसाला बांधलेली होती, आता ती दुसऱ्या कशाला तरी बांधावी लागते. गोळ्यांच्या वेळेला, रेडिओवरच्या बातम्यांना, देवळातल्या आरतीला किंवा मोबाइलच्या गजराला. हाताशी जे असेल ते चालेल.

जेवायला बसण्याची जागाही महत्त्वाची. ओट्याशी उभ्याने, पातेल्यातूनच खाल्ले की दोन घासांत आटपते. ताट-वाटी घेऊन, पाणी भरून, बसून जेवल्यास पोटात अधिक जाते. समोरची रिकामी जागा पाहवत नसेल तर बसण्याची बाजू बदलावी. ओसरीवर, खिडकीशी बसावे. काहींना गेलेल्या माणसाच्या आवडीची भाजी करताना हात थांबतो, तर काहींना तीच करून बरे वाटते. दोन्ही स्वाभाविक आहे.

अगदी सुरुवातीला, काहीच नको वाटते तेव्हा, कोकणातली पेज कामी येते. ती पचायला हलकी असते आणि पाणीही पोटात जाते. मात्र नुसत्या पेजेवर आठवडे काढू नयेत. तिच्यात मुगाची डाळ शिजवावी किंवा सोबत अंडे, दही घ्यावे.

ताटात प्रत्येक वेळी एक प्रथिन

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांचे स्नायू टिकावेत म्हणून अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हिशेब सोपा ठेवता येतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम प्रथिने असतात. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे आणि एक अंडे. दुपारी भात, वरण किंवा बिरडे, भाजी आणि वाटीभर दही. चार वाजता चहासोबत बिस्किटांऐवजी फुटाणे. रात्री भाकरी, कुळथाचे पिठले आणि झोपताना दूध. यात ५० ग्रॅमच्या आसपास मजल जाते आणि यातला एकही पदार्थ पेण-रोह्यात परका नाही. दात नसतील तर शेंगदाण्याचे कूट, मऊ खिचडी, नाचणीची आंबील. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हाडांसाठी ते मोलाचे. कवळी सैल झाली असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. वजन उतरले की हिरड्या आकसतात, कवळी टोचते आणि खाणे आणखी कमी होते.

एकट्याचा स्वयंपाक रोज तीन वेळा करण्याची गरज नाही. छोट्या कुकरमध्ये वरण आणि भात एकदम लागतात. भाकरीचा कंटाळा असेल तर त्या बाहेरून आणाव्यात. रांधण्याचा हट्ट धरून उपाशी राहण्यापेक्षा ते बरे. ज्यांना स्वयंपाक येत नाही अशा पुरुषांनी निदान चार गोष्टी शिकाव्यात: अंडे उकडणे, मुगाची खिचडी, पोहे आणि पिठले. दुपारसाठी घरगुती डबा लावला तरी संध्याकाळचे आपल्या हाताने होते.

भाताबाबत एक सावधगिरी हवी. शिजवलेला भात दिवसभर ओट्यावर राहिला, विशेषतः पावसाळ्याच्या दमटपणात, तर त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष भात पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच नीट गरम करून संपवावा. वीज बराच वेळ गेली असेल तर टाकून द्यावा.

पापड, सुकट आणि उपवास

पेणचे पोहे आणि पापड घराघरांत आहेत. पोहे जरूर खावेत. पापड मात्र ताटाची चव वाढवण्यापुरता. एकट्या माणसाच्या ताटात पापड आणि लोणचे हळूहळू भाजीची जागा घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. पापडात मिठासोबत पापडखारही असतो, त्यामुळे सोडियम आणखी वाढते. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांच्या पायांवर सूज आणि छातीत धाप याला ही जोडी हातभार लावते. सुके बोंबील, जवळा, सुकट ही प्रथिनांची चांगली आणि टिकाऊ सोय आहे. पण ती आधी भिजवून, पाणी बदलून मीठ काढावे आणि वरून मीठ घालू नये.

जोडीदार गेल्यावर अनेक स्त्रिया उपवास वाढवतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी, कधी कायमचे मासे-अंडी सोडणे. श्रद्धेचा मान राखूनही एवढे पाहता येते की उपवासाच्या दिवशी दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा पोटात जावा. नुसता साबुदाणा आणि बटाटा नको. मांसाहार सोडला असेल तर डाळी, कडधान्ये आणि दूध त्या प्रमाणात वाढवावे. मधुमेहीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

सोबतीची वाटी

माणूस चार जणांत बसला की एकट्यापेक्षा जास्त जेवतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे आणि लग्नाच्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे. रोज पंगत शक्य नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा सोबत शक्य असते. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट यांच्या भेटीला जोडून एकत्र न्याहारी ठेवता येते.

या भागात त्यासाठी एक जुनी सोय आहे, ती म्हणजे वालाचे बिरडे. वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि एकेक दाणा सोलायचा, हे एकटीला जिवावर येणारे काम. दोघी-तिघी मिळून ओसरीवर बसल्या की गप्पांत पातेले भरते. सोललेले वाल वाटून घ्यावेत, म्हणजे दोन-तीन घरांचे दुपारचे प्रथिन होते.

आपल्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. दुःखात असलेल्या घराला लोक वाटी पाठवतात, पण त्या घरातून काही यावे अशी अपेक्षा ठेवत नाहीत. ती थोडी ठेवावी. 'काकू, तुमच्या हातचं कुळथाचं पिठलं बरेच दिवसांत खाल्लं नाही,' असे कुणी म्हटले तर त्या काकू चूल पेटवतात आणि त्या निमित्ताने स्वतःही जेवतात. चाळीस वर्षे दुसऱ्यासाठी रांधलेल्या बाईला रांधण्याचे कारण परत मिळते.

परगावच्या मुलांनी फोनवरचा प्रश्न बदलावा. 'जेवलीस का?' याचे उत्तर नेहमी 'हो' असते. 'आज काय केलं होतंस? किती वाजता बसलीस?' असे विचारले की खरे चित्र कळते. शक्य असेल तेव्हा जेवणाच्या वेळीच व्हिडिओ कॉल लावावा आणि दोन्हीकडे ताट असावे. घरी गेल्यावर फ्रिज उघडून पाहावा, डाळीचा डबा कितपत उतरला ते पाहावे, बिस्किटांचे पुडे मोजावेत. पहिल्या वर्षीचे सण अवघड असतात. मूर्तींच्या कारखान्यांमुळे गणपतीआधी सगळे पेण गजबजलेले असते आणि एखाद्या घरात मात्र त्या वर्षी मोदकांची उकडही काढली जात नाही. त्या दिवसांत कुणीतरी जेवायला सोबत असेल एवढे आधीच ठरवून ठेवावे.

डॉक्टरांकडे केव्हा?

महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करावे आणि कॅलेंडरवर लिहावे. सहा ते बारा महिन्यांत ठरवून न उतरवता वजन पाच टक्क्यांनी घटले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो गेले, तर तपासणी आवश्यक आहे. काटा नसेल तर सैल झालेल्या बांगड्या, ढिली पडलेली पँट, सुटणारी कवळी या खुणा पुरेशा आहेत. दुःख हे कारण गृहीत धरले की थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, वाढलेला मधुमेह यांसारखी कारणे नजरेतून सुटतात. पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन या प्राथमिक तपासण्यांसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

दुःखाला मुदत नसते. पण आठवडेच्या आठवडे अन्न जात नसेल, झोप नसेल, अंघोळीचा, कपड्यांचाही कंटाळा आला असेल, 'मला तरी कशाला ठेवलं' असे पुन्हा पुन्हा तोंडी येत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि नैराश्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्य मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. ज्येष्ठांसाठीची 'एल्डर लाइन' १४५६७ या क्रमांकावर आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे निघाले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

तेराव्याला जमलेल्या माणसांनी उठण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ठरवावी. पुढच्या दोन महिन्यांचे वार वाटून घ्यावेत. सोमवारी पुतण्या, बुधवारी शेजारच्या काकू, शुक्रवारी भजनातल्या मैत्रिणी, रविवारी मुलगा. ज्याचा वार त्याने साडेबाराला यावे आणि सोबत बसून जेवावे. उरलेल्या तीन दिवसांसाठी घड्याळाचा गजर आहेच. दोन महिन्यांनी वार कमी केले तरी चालतात. तोवर त्या घरात साडेबाराला कुकर लागण्याची सवय पुन्हा बसलेली असते.